पायाळू बाईचा डावा पाय

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर माझ्या पायांशी उभे होते. म्हणाले, "उजवा पंजा वर उचला." उचलला. "छान. आता डावा." तोही उचलला. ते तसेच उभे. पुन्हा म्हणाले, "डावा उचला."

"उचललाय की!" घसा कोरडा ठणठणीत, आवाज फुटत नव्हता, तरी मी वैतागून म्हटलं. डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं, नर्सने माझ्याकडे बघितलं. मी खरंच उचलला होता हो! अगदी मनापासून उचलला होता. माझ्या लेखी पंजा वर होता आणि हे दोघे आंधळे होते. मग नर्सने माझी मान थोडी वर धरली आणि मला दाखवलं. उजवा पाय ताठ उभा, आणि डावा आपला पडलेला, बोटं खाली करून, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा.

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती. ती काढली, मणके स्क्रूंनी जोडले, नसेवरचा दाब मोकळा केला. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. "पण नस बराच काळ चेंगरलेली होती. ती जागी होईल की नाही, आणि झाली तर कधी, हे मी आज सांगू शकत नाही. वाट बघायची."

वाट बघायची म्हणे! बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात मी अर्धं आयुष्य उभं राहून काढलंय. शिडीवर चढायचं, वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायचा, खाली उतरायचं, गिऱ्हाईक म्हणणार, "हे नको, मागच्या वर्षीचं दाखवा," की पुन्हा वर. घर कसब्यात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि जिना असा की धडधाकट माणूससुद्धा कठडा सोडत नाही. पंजा उठला नाही तर शिडी संपली, जिना संपला, दुकान संपलं. मी घरात बसणार, खिडकीशी, येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवत. एवढा सरळ हिशेब होता.

तसा इशारा आधीच मिळाला होता, पण मला कळला नाही. दुकानातून घरी येत होते. मागून एक बाई ओरडली, "ओ ताई, चप्पल राहिली तुमची!" मी मागे वळून बघते तर माझी डावी चप्पल पार त्या फुलवाल्यापाशी पडलेली, आणि मी अनवाणी पायाने इतकी पुढे आलेली! रस्ता तापलेला होता. मला काही लागलंच नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. फुलवाला हसत होता, आणि मी डावा तळवा पुन्हा पुन्हा रस्त्यावर टेकवून बघत होते.

आता डावा पाय म्हणजे माझ्यासाठी काय, ते सांगायला हवं. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आलेली. आपल्याकडे समजूत अशी, की कंबरेत उसण भरली, माणूस वाकडा होऊन अडकला, तर पायाळू माणसाने त्या जागी पाय लावायचा. लावला की उसण जाते. शनिवार पेठेत मी लहानाची मोठी झाले, आणि मला आठवतंय तेव्हापासून आमच्या दारात कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून, तोंड वेडंवाकडं करून उभं असायचं. मी शाळेचं दप्तर ठेवायचे, पाय धुवायचे, आणि चांगल्या मोठ्या माणसाच्या पाठीला डावा पाय लावायचे. कोणी म्हणतं उजवा हवा. पण आमच्या आजोबांना डावा लागू पडला होता, म्हणून डावा ठरला.

एक नेम होता. थोरामोठ्यांना पाय लागला की नमस्कार करायचा, हे तर आहेच. म्हणून आधी पाय, मग वाकून नमस्कार. आणि काही घ्यायचं नाही. साधी लिमलेटची गोळीसुद्धा नाही. आई दारात उभी राहून डोळे वटारायची. मला त्या गोळ्यांचं अजून वाईट वाटतं.

लग्न होऊन कसब्यात आले तर माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली. माहेरहून मी काय आणलं असेल, तर डावा पाय. आमच्या खालीच तांब्याची भांडी घडवणारे एक काका राहतात. आयुष्यभर जमिनीवर बसून, वाकून ठोकठोक. त्यांची कंबर वर्षातून दोन-चारदा तरी धरतेच. धरली की जिन्यातून हाक, "वहिनी, पाय आहे का मोकळा?" जसं काही भांडंच मागतायत उसनं.

माझा विश्वास होता का? लोक विचारतात. मी दुकानात विज्ञानाची पुस्तकं विकते, मला काय विचारता! विश्वास बिश्वास काही नाही. पण लोक वाकडे यायचे आणि सरळ जायचे, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. तिघी बहिणींत मी धाकटी, रंगाने सावळी, अभ्यासात बरी, गळा नाही, हाताला चव नाही. पण घरी पाहुणे आले की विचारायचे, "पायाळू कुठली?" मग मला पुढे करायचे. त्या एका गोष्टीवर मी ताठ मानेने मोठी झाले.

घरातली एकच व्यक्ती माझा पाय कधी लावून घ्यायची नाही. आई. तिला उसण भरली की ती मुकाट शेक घेत पडायची. मी म्हणायचे, "अगं, मी आहे ना!" तर म्हणायची, "आईला पाय लावायचा नसतो." बरं, मोठ्या काकूला चालतो, आजोबांना चालतो, पोस्टमनला चालतो, आईला तेवढा नाही. आणि दुसरं म्हणजे वीज. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. गडगडायला लागलं की काकू मला घराच्या मधोमध ओढायची, हातातली बांगडी काढून ठेवायची. आणि आई? आई मला गच्चीवर पिटाळायची, वाळत घातलेले कपडे काढायला! मी भिजून खाली यायचे आणि मनात म्हणायचे, काय बाई आहे ही, हिला माझी काही पडलेलीच नाही.

तर असा तो पाय. आणि तो आता पलंगाच्या टोकाला मेल्यासारखा लोंबत होता.

घरी आले ती खुर्चीतून. चार जणांनी खुर्ची उचलून जिना चढवला. तांबटकाका, त्यांचे दोन भाऊ आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. प्रत्येकाच्या कंबरेला माझा पाय लागलेला. वर पोचेपर्यंत चौघेही धापा टाकत होते आणि मी मनात म्हणत होते, आता ह्यातल्या एकाची तरी कंबर गेली तर कोणाकडे जातील?

मग सुरू झाला तो तुरुंग. वाकायचं नाही. वळायचं नाही. खाली बसायचं नाही. कूस बदलायची ती अख्खं अंग एकदम, ओंडका लोटल्यासारखी. कमरेला पट्टा. पायाला प्लॅस्टिकची पट्टी, पोटरीपासून तळव्यापर्यंत, पंजा खाली पडू नये म्हणून. खाली पडलेला चमचा उचलायला माणूस बोलवायचा. नवऱ्याने एक लांब चिमटा आणून दिला, म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत वाकायचं नाही. तुला काय अवघड आहे? तू कधी वाकलीस?" मी त्याच चिमट्याने त्याला टोचलं.

एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. गोड होती, पण बोलणं असं, "काकू, फोकस! ब्रेनने कमांड द्या. टो अप, टो अप!" मी ब्रेनने कमांड देऊन देऊन दमले. ब्रेन काही पाठवायचा, मध्येच कुठे तरी हरवायचं. मग ती मला डोळे मिटायला सांगायची आणि कापसाचा बोळा पायावरून फिरवायची. "लागलं की सांगा." पोटरीवर लागायचं. घोट्यापाशी थोडंसं. "आता?" आता काही नाही. डोळे उघडून बघते तर कापूस अंगठ्यावर. अंगठ्याला काहीच कळायचं नाही, तो आपला जिवंत दिसायचा तेवढाच. रोज मी डोळे मिटायचे, रोज उघडायचे, आणि कापूस अंगठ्यावर असायचा. मी त्या पोरीसमोर रडले नाही. ती गेल्यावर रडायचे.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. शहाळं हातात आणि सल्ला तोंडात. एकीच्या जावेच्या भावाचा पाय असाच गेला तो गेलाच. दुसऱ्याचा आला, पण "तुमच्या वयात कठीण". एक बाई पायाकडे बघून म्हणाल्या, "आणि नेमका डावाच का हो?" जणू मी दोन्हींतून निवडला होता.

आणि मग आले तांबटकाका. भिंतीला धरून, वाकडे, चेहरा पिळवटलेला. मला वाटलं, मला बघून दुःख झालं बिचाऱ्यांना. म्हटलं, "या, बसा." तर म्हणतात, "बसायचंच अवघड आहे, वहिनी. परवापासून धरलीये."

"अहो, मग गोळी घ्या! माझ्याकडे बघा काय झालंय."

"बघतोय ना. तुम्ही काही करू नका. पाय आहे तिथंच राहू द्या." असं म्हणून तो माणूस पलंगाच्या पायथ्याशी आला, माझ्याकडे पाठ केली, आणि हळूहळू खाली सरकत कंबर माझ्या लोंबत्या पायाला टेकवली! मी कुशीवर. मला उठता येत नाही, वळता येत नाही, पाय ओढून घेता येत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे उजव्या तळपायाची, डाव्याला पत्ताच नव्हता. "काका, लाज वाटत नाही? मेलाय तो पाय!" मी किंचाळले. ते तीनदा कंबर टेकवून, पलंग धरून, सरळ झाले. सरळ! कमरेवरचा हात काढला, इकडे वळून बघितलं, तिकडे वळून बघितलं, आणि मला हात जोडून म्हणाले, "बघा, पाय मेला असेल, गुण नाही मेला."

तो गृहस्थ जिना उतरून गेला, आणि थोड्या वेळाने खालून ठोकठोक सुरू झाली. मला माझ्याच पायाचा इतका राग आला! माझ्या अंगठ्याला कापूस कळत नाही, आणि लोकांच्या कंबरा बऱ्या करतोय मेला.

कसब्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी दारात दोन माणसं, कमरेवर हात. नवरा म्हणाला, "नंबर लावू का? एक ते चार बंद असा बोर्डही लावतो." मला हसू आलं, आणि हसताना पाठीत अशी कळ गेली की जीव घाबरा झाला.

आई रोज यायची. शनिवार पेठेत माझ्या भावाकडे असते ती. ऐंशी ओलांडलेली, पण रिक्षावाल्यांशी भांडण्याची ताकद शाबूत. "एवढ्या जवळ येत नाही म्हणतो! मग काय मुंबईला जाऊ?" असं म्हणत ती वर चढायची, माझ्या पायाला तेल लावायची, पट्टी घालून द्यायची, आणि पट्ट्याचं टोक नीट बसलंय की नाही ते बोटाने चाचपायची. त्या दिवशी ती आली तेव्हा दारात ती दोन माणसं उभी होती. आईने विचारलं, "काय काम आहे?" एक जण म्हणाला, "आजी, पाय लावून घ्यायचाय. आजारी पायाला जास्त गुण आहे म्हणतात."

आई पांढरी पडली. मी पलंगावरून बघत होते. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय न सोडणारी माझी आई, तिने दार सताड उघडलं आणि ओरडली, "चालते व्हा! दोघेही! पुन्हा या घराची पायरी चढलात तर बघा!" ती माणसं कमरा विसरून पळाली. मी म्हटलं, "अगं आई, काय हे!" ती आत आली, माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं."

"काय?"

"तुझा पाय. माझ्यामुळे गेला."

मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतेय. म्हटलं, "गादी सरकली, आई. गठ्ठे उचलून. तुझा काय संबंध?"

"तू पायाळू नाहीस," ती म्हणाली. "कधीच नव्हतीस. डोक्यानेच झालीस, चारचौघींसारखी."

आई खाली बघून बोलत होती, भराभर, कोणी थांबवेल म्हणून घाबरल्यासारखी. तिसरी मुलगी. दवाखान्यात न्यायच्या आधीच मी घरी झाले, एक सुईण तेवढी होती. मुलगी म्हटल्यावर घरातलं कोणी खोलीत आलंच नाही. आजोबांनी सांगून ठेवलं, बारसं करायचं नाही, दोन झाली तेवढी पुरे. आई कोपऱ्यातल्या खोलीत, मी तिच्या कुशीत, आणि बाहेर सगळं कसं नेहमीसारखं चाललेलं. तोंड बघायलासुद्धा कोणी येईना. मग आजोबांना उसण भरली. अशी भरली की त्यांना कूसही बदलता येईना. पेठेत पायाळू कोणी आहे का, शोधाशोध सुरू झाली.

"मी आतून सांगितलं," आई म्हणाली, "लांब कशाला जाता? ही पायाळू आहे. सुईण तिथंच होती. तिने माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो, पायांनीच आली. मग तुला उचलून नेलं बाहेर. पहिल्यांदा. आजोबा पालथे पडलेले, आणि मी तुझा एवढासा पाय त्यांच्या कमरेला टेकवला."

"आणि?"

"आणि त्यांना बरं वाटलं! आता मी काय करू?" आई रडत रडत चिडली. "उठून बसले. तुला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी बारशाची तयारी. पेढे वाटले त्यांनी, तुझ्या बहिणींच्या वेळी नव्हते वाटले. मग मी कधी आणि कशी सांगणार होते? आणि कशाला सांगू? लोक तुझ्या दारात यायचे. तुझ्या पायाशी यायचे. तिसरी पोर म्हणून जिचं कोणी तोंड बघत नव्हतं, तिच्या पायाशी!" तिने पदराने नाक पुसलं. "पण देवाच्या दारात खोटं ते खोटंच. त्या पायावर खोटं बोलले, त्याने तोच नेला."

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. आधी डोकं बधिर झालं. मग गच्ची आठवली. कडकडणाऱ्या विजेत भिजत कपडे काढणारी मी. म्हणजे म्हणून! म्हणून ही बाई मला बिनघोर पाठवत होती! आणि म्हणून स्वतःच्या कमरेला कधी पाय लावून घेतला नाही. आई म्हणून नव्हे, तिला माहीत होतं म्हणून. एका झटक्यात सगळं लहानपण उलटं झालं. मग राग आला. भयंकर राग आला. इतक्या माणसांना मी पाय लावला, इतक्यांपुढे वाकले, आणि ताठ मानेने मिरवले ते कशावर? माझ्याकडे एकच वेगळी गोष्ट होती, आणि तीही माझी नव्हती. म्हटलं, "आत्ता सांगायचं होतं हे? आत्ता? पाय गेला, आता हेही ने!" आणि मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे करायचं होतं, पण वळता येत नव्हतं, म्हणून नुसतेच डोळे मिटले.

त्यानंतर मी आईशी बोलणं टाकलं. ती यायचीच. रिक्षावाल्याला शिव्या न देता वर चढायची, हे त्याहून वाईट. गुपचूप तेल लावायची, पट्टी घालायची, डबा ठेवायची, जायची. खाणंही कमी केलंय म्हणून भावाचा फोन आला. मी म्हटलं, "बरं." असा दगड झाला होता माझा. नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. तो एकदाच म्हणाला, "दोघींचं काय बिनसलंय ते मी विचारत नाही. पण आई जिन्यात बसून रडतात, मग वर येतात. तेवढं सांगतो."

फिजिओवाल्या पोरीचा आवाजही हल्ली बारीक झाला होता. कापूस फिरवायची, काही लिहायची नाही, "होईल काकू" म्हणायची. पुढच्या भेटीत डॉक्टर सांगणार होते की पट्टी कायमची समजायची का. दुकानाच्या मालकांचा निरोप आला, घाई करू नका, बसून करण्यासारखं काही काम बघू. बसून करण्यासारखं! त्या दुकानात बसून करण्यासारखं एकच काम आहे, ते मालक स्वतः करतात.

मग ती सकाळ. नवरा औषधं आणायला गेला होता. मी पलंगाच्या कडेला बसलेले, पाय खाली. आई समोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून पट्टी घालत होती. पट्टीचा एक बंद सुटून पलंगाखाली गेला. आई वाकली, हात लांब केला, आणि "आई गं!" म्हणून तिथेच अडकली. अर्धी वाकलेली. ना वर येता येई, ना खाली जाता येई. चेहरा घामाने डबडबला.

आता बघा आमची अवस्था! मला वाकता येत नाही, तिला सरळ होता येत नाही. घरात तिसरं कोणी नाही. फोन स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "आई, हळू. श्वास घे. मोढ्यावर नीट टेक." किती तरी दिवसांनी मी तिला आई म्हटलं. ती कण्हत कण्हत मोढ्यावरच फिरली, माझ्याकडे पाठ करून बसली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. थोडा वेळ नुसती हुंकारत होती. मग म्हणाली, "लाव."

"काय लावू?"

"पाय लाव कमरेला."

मी थक्क झाले. "अगं, तूच सांगितलंस ना? मी पायाळू नाही म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय! सगळ्या जगाला लावलास. आता मला लाव." आणि जरा थांबून म्हणाली, "मीच एकटी राहिलेय."

गुडघ्यातून पाय पुढे करता येत होता मला, पंजाच तेवढा लोंबायचा. मी पलंगाची कड घट्ट धरली, सैल झालेली पट्टी झटकून टाकली, पाय पुढे केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईच्या पाठीला टेकवला. सुती पातळ, आत हाडं हाडं. एवढीशी पाठ झाली होती तिची. मला भरून आलं. राग कुठे गेला कोण जाणे. मी सवयीने, जसं लहानपणापासून करत आले तसा, पाय थोडा वर दाबला.

आई एकदम ताठ झाली. "हलला!"

"काय हलला?"

"अंगठा. वर सरकला. आत्ता."

मला दिसत नव्हतं. तिच्या पाठीआड पाय, आणि पट्ट्यात आवळलेली मी, पुढे झुकून बघायची सोय नाही. मी म्हटलं, "आई, खोटं बोलू नकोस. आता तरी नको."

ती तशीच, माझ्याकडे पाठ करून, भडकली. "तेव्हा खोटं बोलले ते तुला कोणी तरी उचलून घ्यावं म्हणून! आता कशाला बोलू? पुन्हा हलव. हलव म्हणते ना!"

मी डोळे मिटले. कमांड बिमांड काही दिली नाही. लहानपणी त्या पाठींना पाय लावताना जसा नकळत उचलला जायचा, तसाच उचलायला गेले. आणि वाट बघत राहिले, ती आता हलला म्हणेल म्हणून.

ती काही म्हणाली नाही. काहीच नाही. संपलं, असं माझ्या मनात आलं. आणि मग मला कळलं की तिची पाठ हलतेय. बारीक बारीक हुंदके, आवाज न करता देत होती ते, जिन्यात बसून देत असेल तसे. मी डोळे मिटून होते. मला ते दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं. ते मला अंगठ्याला कळलं.

मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. मग जुना नेम आठवला. पाय लागला की नमस्कार. वाकायची तर बंदी. मी तिच्या पाठीमागूनच हात जोडले, आणि म्हटलं, "आई, नमस्कार करते गं."

"नमस्कार राहू दे," आई म्हणाली. "पुन्हा हलव."